ग्राफीन आहे, पण किती पदरी?

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका दिवाळीच्या तोंडावर इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायला निघाले आणि मलाही सोबत घेऊन गेले. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, म्हणजे मला बॅटरीतलं कळतच असणार, असा त्यांचा समज. दुकानातल्या पोराने सीट उचलली, खालचं झाकण काढलं आणि आवाज जरा खाली आणून म्हणाला, "काका, ही साधी बॅटरी नाही. ग्राफीन आहे. लिथियमच्या पुढची." काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, एखादी सुटी बघायला मिळेल का? त्याने कोपऱ्यातली एक पायाने पुढे सरकवली. उचलायला गेलो तर हात खालीच राहिला; आठ-दहा किलोचा ऐवज. वरच्या स्टिकरवर मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी आणि तिच्यावर हिरव्या अक्षरांत ‘ग्राफीन’. वॉरंटी कार्ड मागून घेतलं. मागच्या बाजूला, चष्मा कपाळावर चढवून वाचावं लागेल अशा अक्षरांत लिहिलं होतं: सीलबंद लेड-ॲसिड. म्हणजे शिशाची बॅटरी, घरातल्या इन्व्हर्टरला असते तिची सख्खी बहीण.

पोरगा खोटं बोलला का? तसंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. शिशाच्या बॅटरीत ऋण पट्टीच्या लगद्यात थोडा कार्बन घालण्याची रीत जुनी आहे. बॅटरी अर्धवट चार्ज होऊन पडून राहिली की पट्टीवर लेड सल्फेटचे टणक खडे धरतात आणि तिची ताकद जाते. कार्बनने त्याला थोडा आळा बसतो. पूर्वी त्यासाठी काजळी किंवा ग्राफाइट घालत, आता त्याजागी ग्राफीन, म्हणजे कार्बनचंच अतिपातळ रूप, घातलं तर फायदा होऊ शकतो. त्या डब्यात ग्राफीन चिमूटभर असेल. मुळीच नसेल. किंवा ग्राफीन म्हणून गोणीतून आणलेली ग्राफाइटची भुकटी असेल. तिन्ही शक्यता त्या एका स्टिकरमागे सुखाने नांदतात, आणि गिऱ्हाइकाला त्यातली कोणती खरी हे कळायचा काहीही मार्ग नाही.

बॅटरी हे एक उदाहरण झालं. गाडी धुवायला गेलं की ‘ग्राफीन कोटिंग करून घ्या’ म्हणून मागे लागतात. इंजिन ऑइलमध्ये ग्राफीन, हेल्मेटमध्ये ग्राफीन, गुडघ्याच्या पट्ट्यात ग्राफीन. माझं म्हणणं असं की ‘ग्राफीन’ हा शब्द मालावर छापायचा असेल तर त्यासोबत दोन गोष्टी छापणं कायद्याने सक्तीचं असावं: किती पदरी आणि किती टक्के. यात पहिली गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती का हे समजायला या पदार्थाच्या जरा आत शिरावं लागेल.

चिरोटे करणाऱ्याला पदर म्हणजे काय ते सांगायला नको. ज्यांनी लहानपणी अभ्रकाचा तुकडा नखाने सोलला असेल त्यांनाही नको. पापुद्र्यामागून पापुद्रा निघत राहतो आणि संपता संपत नाही. पेन्सिलीच्या शिसात (ज्यात शिसं अजिबात नसतं) असलेलं ग्राफाइट याच जातीचं. कार्बनचे अणू षटकोनी जाळीत एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि अशा जाळ्या एकावर एक रचलेल्या असतात. जाळीच्या आतला बंध चिवट, पण दोन जाळ्यांमधला बंध अगदीच सैल. कागदावर पेन्सिल ओढली की याच जाळ्या घसरून कागदाला चिकटतात. दोन जाळ्यांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर. म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटमध्ये सुमारे ३० लाख पदर. त्यातला एकच पदर सुटा काढला तर त्याला ग्राफीन म्हणायचं.

तो सुटा निघू शकेल असं फार कुणाला वाटत नव्हतं. फिलिप वॉलेस या कॅनडातल्या संशोधकाने १९४७ मध्येच एका पदरात इलेक्ट्रॉन कसे वागतील याचं गणित मांडलं होतं, पण ते ग्राफाइट समजून घेण्याची पायरी म्हणून. २००४ मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टी लावून ग्राफाइट सोलत सोलत तो पदर काढून दाखवला, त्याचे विजेचे गुणधर्म मोजले आणि २०१० मध्ये नोबेल घेऊन गेले. चिकटपट्टीची गोष्ट आता इतकी सांगून झाली आहे की वर्गात ती सुरू केली की मागच्या बाकावरून पुरी केली जाते.

मला त्यापेक्षा एक साधा हिशोब जास्त बोलका वाटतो. एक चौरस मीटर ग्राफीनचं वजन ०.७७ मिलिग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम ग्राफीन एकपदरी अंथरलं तर सुमारे १,३०० चौरस मीटर झाकेल. आपल्या मापात सांगायचं तर १३ गुंठे. तेच ग्रॅमभर दहा पदरी असेल तर सव्वा गुंठा. शंभर पदरी असेल तर १३ चौरस मीटर, एक बऱ्यापैकी खोली. वजन तेच, कार्बन तोच, काळा रंगही तोच. शेताची खोली झाली ती पदरांमुळे. आणि ग्राफीनकडून जे काही हवं असतं, प्लास्टिकला बळकटी, बॅटरीत वीज वाहणारं जाळं, रंगात ओल अडवणारा पडदा, ते सगळं या पसरण्यावर अवलंबून आहे. भुकटीतला कण जेवढा जाड, तेवढा त्याच्या पोटातला कार्बन बिनकामाचा.

शिवाय पदर वाढले की गुणधर्मांची जातच बदलते. एकपदरी ग्राफीनमध्ये इलेक्ट्रॉन जसे वावरतात तसे दोन पदरांत वावरत नाहीत, आणि दहाच्या आसपास पोचलात की विजेच्या दृष्टीने हातात ग्राफाइटच उरतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत पाब्लो हारिलो-हेरेरो यांच्या गटाने दोन पदर एकमेकांवर ठेवून फक्त १.१ अंशाने फिरवले, तर अतिथंड तापमानाला ती जोडी अतिवाहक झाली, म्हणजे वीज विनाअडथळा वाहू देऊ लागली. पदार्थ तोच, नुसता कोन बदलला होता.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र कार्बनचं नाही, गॅरेजमधलं आहे. मेकॅनिक ज्याला ‘मोली ग्रीस’ म्हणतो त्यात मोलिब्डेनम डायसल्फाइड असतं. तेही ग्राफाइटसारखंच पदरांचं, म्हणून तर घसरतं आणि वंगणाचं काम करतं. ढेकळाच्या रूपात ते प्रकाश जवळपास देतच नाही. पण एकपदरी केलं की त्याची ऊर्जेतली फट (वाहू लागण्यासाठी इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी दरी) सुमारे १.३ इलेक्ट्रॉनव्होल्टवरून १.८ च्या वर जाते आणि ते चमकू लागतं. हे २०१० मध्ये दिसलं, आणि २०११ च्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे आंद्रास किस यांच्या गटाने त्या एका पदराचा चांगला चालणारा ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा उघडता-बंद करता येणारा इवलासा नळ, केला. ग्राफीनला हे जमत नाही. त्याच्यात अशी फटच नाही, त्यामुळे त्याचा ट्रान्झिस्टर केला तरी तो नीट बंद होत नाही. नळ गळकाच राहतो. २०२५ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठाने मोलिब्डेनम डायसल्फाइडचे ५,९०० ट्रान्झिस्टर जोडून ३२ बिटांचा प्रोसेसर चालवून दाखवला. आजच्या मोबाइलमधल्या चिपपुढे ते खेळणंच आहे, पण जाडी एका रेणूची. आता विचार करा, त्या प्रोसेसरला लागणारा माल आणि गॅरेजातल्या डब्यातला माल, दोन्हींचं रासायनिक नाव एकच. नावावर भाव ठरला तर काय होईल?

ग्राफीनच्या बाबतीत तेच झालं. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरातल्या ६० कंपन्यांकडून ‘ग्राफीन’ म्हणून विकली जाणारी भुकटी आणून तपासली आणि २०१८ मध्ये निकाल छापले. बहुतेक नमुन्यांत ग्राफीन १० टक्क्यांहून कमी. एकाही नमुन्यात ते ५० टक्क्यांवर गेलं नाही. बाकी काय होतं? मुख्यतः बारीक दळलेलं ग्राफाइट. आणि इथे ‘ग्राफीन’ धरताना दहा पदरांपर्यंतची सूट दिलेली होती, बरं का. या कंपन्या आपला माल दुकानदाराला विकत नाहीत, तर रंग, रबर, बॅटरी करणाऱ्या कारखान्यांना विकतात. त्या कारखान्यांत केमिस्ट असतात. त्यांची ही गत, तर स्कूटरच्या दुकानात काकांनी काय करायचं?

हे सगळे लबाड होते असं मला वाटत नाही. पदर सोडवणं आता तितकंसं कठीण राहिलेलं नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या जोनाथन कोलमन यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की ग्राफाइटची पूड, पाणी आणि भांडी घासायचा लिक्विड साबण स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये फिरवला तरी पदर सुटतात. (घरी करू नका, मिक्सर परत मसाल्याला चालणार नाही आणि बोलणी खावी लागतील.) खरी अडचण पुढे आहे. मिक्सरमधून निघतो तो काळा काला. त्यात काही कण दोन-चार पदरी, काही पंधरा-वीस, आणि पुष्कळसं न सुटलेलं ग्राफाइट. ते वेगळं काढायचं तर यंत्रात गरागरा फिरवून जड कण खाली बसवावे लागतात, वरचं पाणी घ्यावं लागतं, हाती येणारा माल थोडाच असतो आणि खर्च तिथे होतो. ही पायरी गाळली की माल भरपूर, स्वस्त आणि तितकाच काळा. डोळ्यांना फरक दिसत नाही. मापात पाप करायला याहून सोयीची वस्तू शोधून सापडणार नाही.

त्यात आणखी एक घोळ. ग्राफाइट तीव्र आम्लात, पोटॅशियम परमँगनेट घालून शिजवलं की ग्राफीन ऑक्साइड मिळतं. ही १९५८ ची हमर्स यांची रीत, आजही चालते. हा पदार्थ पाण्यात छान मिसळतो, रसायनकामाला उपयोगी आहे, पण वीज जवळजवळ वाहू देत नाही. त्यातला ऑक्सिजन बराचसा काढून टाकला की वाहकता थोडी परत येते, तरी जाळीला पडलेली भोकं राहतात. आणि जाहिरातीत मात्र तिघांनाही ग्राफीन म्हणतात, आणि ‘तांब्यापेक्षा चांगला वाहक, पोलादाहून बळकट’ हे वाक्य तिघांनाही सरसकट चिकटवतात. ते आकडे निर्दोष, एकपदरी, सूक्ष्मदर्शकाखाली ताणून मोजलेल्या तुकड्याचे. कोटिंगच्या बाटलीतल्या द्रवाचा त्यांच्याशी संबंध लावणं म्हणजे चुलतभाऊ ऑलिंपिकला गेला म्हणून आपण धावपटू असल्याचं सांगणं.

‘पण मोजणार कसं?’ असं कुणी विचारलं की मला मनापासून हसू येतं. ग्राफीनचे पदर ओळखायची सगळ्यात रुळलेली पद्धत आहे रामन वर्णपटाची. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी जे पाहिलं, ज्याच्या नावाने आपण दरवर्षी विज्ञान दिन साजरा करतो आणि शाळेत रांगोळ्या काढतो, तोच हा रामन परिणाम. पदार्थावर लेझरचा प्रकाश टाकायचा आणि विखरून परत येणाऱ्या प्रकाशाचा रंग किती सरकला ते पाहायचं. ग्राफीनच्या आलेखात दोन शिखरं उठतात, एक १५८० च्या आसपास, दुसरं २७०० च्या (एकक: प्रति सेंटीमीटर). एकपदरी असेल तर दुसरं शिखर पहिल्याहून उंच आणि सडसडीत. पदर वाढत गेले की ते बसकं आणि रुंद होतं, आणि ग्राफाइटमध्ये त्याला खांद्याशी कुबड येतं. केंब्रिजच्या आंद्रेआ फेरारी यांनी सहकाऱ्यांसोबत २००६ मध्ये हे नीट मांडलं. एम.एस्सी.च्या पोरांना मी हे आलेख एकमेकांशेजारी ठेवून दाखवतो. दहा मिनिटांत ती आलेखावरून एकपदरी आणि ग्राफाइट वेगळं ओळखू लागतात.

भुकटीला एवढंच पुरत नाही हे कबूल. एका ठिकाणी लेझर टाकून पोतंभर मालाची ग्वाही देता येत नाही. कण एकमेकांवर बसलेले असतात, त्यामुळे शेकडो सुटे कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागतात. पण त्याचीही रीत लिहून ठेवलेली आहे. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने शब्दांच्या व्याख्या केल्या: एक पदर म्हणजे ग्राफीन, दोन म्हणजे द्विपदरी, तीन ते दहा म्हणजे मोजके पदर असलेलं. २०२१ मध्ये भुकटी कशी तपासावी याचा दस्तऐवज आला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आयआयटींमध्ये, कितीतरी विद्यापीठांत रामन यंत्रं आहेत. केरळमध्ये तर इंडिया इनोव्हेशन सेंटर फॉर ग्राफीन नावाचं केंद्रच उभं आहे, त्यात जिचं मुख्यालय पुण्यात आहे ती सी-मेट ही सरकारी संस्था आणि टाटा स्टील भागीदार आहेत. साधनं आहेत, व्याख्या आहेत. फक्त दुकानातल्या स्टिकरवर त्यातलं काही उतरत नाही.

यावर माझ्या एका उद्योजक मित्राचं उत्तर ठरलेलं असतं: "तू नवीन धंद्याला जन्मायच्या आधीच बेड्या घालतोस. अर्धा टक्का ग्राफीन आहे असं लिहिलं तर कोण विकत घेईल?" त्याला मी हिंगाची डबी दाखवतो. बाजारात मिळणारं बहुतेक हिंग शुद्ध नसतं. ते बांधानी हिंग, डिंकात आणि पिठात मळलेलं. कायदा शुद्ध हिंग आणि बांधानी हिंग यांत फरक करतो, डबीवर तसं छापावं लागतं, पीठ कोणतं तेही लिहावं लागतं. म्हणून हिंगाचा धंदा बसला का? चिमूटभर हिंगाने वरणाची चव बदलते हे ठाऊक असलेला माणूस ‘यात हिंग थोडंच आहे’ हे वाचून बिचकत नाही. फोर्ड कंपनीने २०१८ मध्ये मोटारीच्या इंजिनाजवळच्या फोममध्ये ग्राफीन वापरायचं ठरवलं तेव्हा स्वतःच सांगितलं की प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे, आणि तेवढ्याने आवाज किती कमी झाला तेही सांगितलं. लाज वाटण्यासारखं त्यात काय होतं?

उलट बेड्या आज पडल्या आहेत त्या प्रामाणिक माणसाला. मेहनतीने तीन-चार पदरी माल करणारा आणि ग्राफाइट दळून आणणारा, दोघांच्या गोणीवर एकच शब्द. विकत घेणारा स्वस्त घेणार. एकदा त्यातून काही निष्पन्न झालं नाही की तो म्हणणार, ग्राफीन वापरून पाहिलं, सगळं थोतांड आहे. सोन्यावर हॉलमार्क आल्याने भल्या सोनाराचं नुकसान झालं, असं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि प्रश्न फक्त पैशांचा असता तर मी इतकं लिहिलं नसतं. २ एप्रिल २०२१ रोजी कॅनडाच्या आरोग्य खात्याने ग्राफीन असलेले मास्क वापरू नका असा इशारा दिला. क्वेबेकमध्ये असे मास्क शाळा-पाळणाघरांपर्यंत पोचलेले होते. श्वासावाटे कण फुप्फुसात गेले तर काय, ही शंका होती. तपासणीनंतर त्याच वर्षी जुलैमध्ये त्यातल्या काही मॉडेलांना पुन्हा परवानगी मिळाली, कारण त्यांतून घातक ठरेल इतके कण सुटत नाहीत असं दिसलं. मला यात कॅनडाने घाबरून जाणं दिसत नाही आणि ग्राफीन विषारी असल्याचा पुरावाही दिसत नाही. दिसतो तो प्रश्नांचा क्रम. हे नेमकं कोणत्या प्रकारचं, कण केवढे, सुटतात किती? हे प्रश्न मास्क तोंडावर चढण्याआधी विचारता आले असते, जर मालावर ‘ग्राफीन’पेक्षा अधिक काही लिहिण्याची सक्ती असती. आपल्याकडे कोटिंग करणारी पोरं बंद शेडमध्ये, बहुतेकदा मास्कशिवाय काम करतात, आणि पुसून झाल्यावर मशीनने घासतातही. त्यांना बाटलीत काय आहे हे कळायचा हक्क गाडीच्या मालकापेक्षा आधीचा.

यासाठी नवा कायदा लागेल असंही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला फसव्या जाहिरातीबद्दल १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड करता येतो. जाहिरातीतला दावा पुराव्यानिशी सिद्ध करता आला पाहिजे, हे २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहेच. हवं आहे ते एवढंच की ‘ग्राफीन’ हा शब्द नुसतं नाव न मानता दावा मानला जावा. सुरुवात सरकारी खरेदीतून करता येईल: निविदेत ग्राफीन असा शब्द आला की पदर, प्रमाण आणि, मघाच्या घोळामुळे तिसरी गोष्ट म्हणून, ऑक्साइड आहे की नाही, या तीन ओळींचा तपासणी अहवाल जोडल्याशिवाय लिफाफा उघडूच नये. ज्या छोट्या उद्योगाला तपासणी परवडत नाही त्याच्यासाठी सरकारी प्रयोगशाळांनी दर ठरवून द्यावेत. कणाची लांबी-रुंदी, दोषांचं प्रमाण वगैरे अजून दहा गोष्टी तज्ज्ञ सांगतील आणि त्या बरोबरच असतील, पण दहा गोष्टींच्या नादात या तीन राहू नयेत.

काकांनी स्कूटर घेतली. त्यांना रोज चार किलोमीटर जायचं असतं, किंमत परवडली, विषय संपला. माझाच पाय निघत नव्हता. शेवटी त्या पोराला म्हटलं, तुमच्या वितरकाला व्हॉट्सॲपवर एवढं विचार ना, यातलं ग्राफीन किती पदरी आहे? ‘लेयर’ असा शब्द टाकून बिचाऱ्याने लगेच मेसेज केला. आम्ही कागदपत्रं होईपर्यंत थांबलो, चहा आला, चहा संपला. मग त्याचा फोन वाजला. त्याने वाचलं आणि चेहरा खुलला.

"पाच आहेत, सर," तो म्हणाला. "१२ व्होल्टच्या पाच."